राणीची हनुवटी

चेहरा म्हणून देवाने माणसाच्या मानेवर जे काही बसवून दिलं आहे ते निव्वळ कच्चं काम आहे, आणि ते नीट करायला आपल्याला खाली पाठवलं आहे, अशी टचिंगमास्तरांची समजूत होती. ही समजूत घालवायला त्यांची बायको, एक औषधदुकानदार आणि मरून धूळ झालेला एक राजा एवढे सगळे लागले, आणि तरी ती गेली असं छातीठोकपणे कुणी सांगणार नाही.

बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. म्हणजे पाटी मेहुण्याच्या नावाची, कॅमेरा मेहुण्याचा, ‘इकडे बघा, हसा’ म्हणणाराही मेहुणाच. मास्तर मागच्या अंधाऱ्या खोलीत उजेडाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवून बसलेले असायचे. हातात बारीक पेन्सिल, त्याहून बारीक ब्रश आणि सुईसारख्या टोकाचं एक पातं. एवढ्या सामानावर ‘टचिंग’ करून ते अख्ख्या गावाला माणसांत आणायचे. मस गेला, मुरमं गेली, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, एकाच्या दोन झालेल्या हनुवटीची परत एक झाली. बायकांच्या ओठांवरची लव आणि हनुवटीवरचे चुकार केस तर ते इतक्या सवयीने उडवायचे, की हात चालू असताना तोंडाने गिऱ्हाइकाची निंदाही चालू असायची. ‘हे नाक आहे की दाराची मूठ’, ‘या कपाळावर पोरांना क्रिकेट खेळता येईल’, अशी एकेक मुक्ताफळं. एकदा एक नवरी फोटो घेऊन परत आली. म्हणाली, ही मी नाहीच.

मास्तर म्हणाले, “नाहीच ना. म्हणून तर चांगली आली आहे.”

गिऱ्हाईक टिकलं ते मेहुण्याच्या गोड जिभेमुळे, मास्तरांमुळे नव्हे. पण मास्तरांच्या पोटात एक गोष्ट कायम सलायची. फोटो चौकटीत बसून भिंतीवर लागायचा, कोपऱ्यात स्टुडिओचं म्हणजे मेहुण्याचं नाव, आणि पाहणारा म्हणायचा, ‘काय सुरेख दिसते हो तुमची सून!’ ज्याने सून सुरेख केली त्याचं नाव कुठेच नाही. अंधारात राबणाऱ्याला अंधारच मिळतो, असं ते जेवताना बायकोला ऐकवायचे.

ही बायको, मास्तरीणबाई, घराच्या पुढच्या मोठ्या खोलीत शिवणाचा क्लास चालवायची आणि घर तिच्या क्लासवरच चालायचं. तिला नवऱ्याचं कौतुक असण्याचा प्रश्न नव्हता. लग्नातल्या फोटोत मास्तरांनी तिच्या ओठावरची लव आणि गालावरचा तीळ पुसून टाकला होता. तिच्या आईने तो फोटो हातात घेऊन विचारलं होतं, ही जावयाची बहीण का? तेव्हापासून तो फोटो कपाटामागे तोंड भिंतीकडे करून उभा होता आणि तीळ बिचारा होता तिथेच होता.

पुढे घरोघरी मोबाईल आले. माणसं स्वतःच स्वतःचे फोटो काढायला लागली आणि बोटाने गाल गोरे करायला लागली. मेहुण्याने स्टुडिओत झेरॉक्सचं मशीन आणलं. मास्तरांचं हत्यार थंडावलं. रिकाम्या माणसाला एकतर देव लागतो नाहीतर छंद. मास्तरांचं देवाच्या कामाबद्दल काय मत होतं ते आधी सांगितलंच आहे, त्यामुळे त्यांना छंद लागला.

जुनं सामान विकणाऱ्या एका माणसाकडे त्यांनी एक प्राचीन नाणं पाहिलं. नाण्यावर राणी होती आणि राणीला पोपटाच्या चोचीला लाजवील असं नाक होतं. मास्तर नाणं हातात घेऊन खुळ्यासारखे उभे राहिले. जिच्या एका शब्दावर नाण्याचा साचा खोदणाऱ्याचं मुंडकं उडलं असतं, तिने हे नाक आहे तसं राज्यभर फिरू दिलं! हिला कुणी टचिंग केलं नाही! आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एका चेहऱ्याबद्दल आदर वाटला. नाणं घेऊन ते घरी आले आणि मग वेडच लागलं. नुसत्या देखण्या राण्या नकोत. ज्यांच्या चेहऱ्यात काहीतरी विचित्र आहे अशाच बायका हव्यात. नाकाडी सापडली, मानेला तीन घड्या पडलेली सापडली, पुरुषाचं शिरस्त्राण घालून डोळे वटारणारी सापडली. मास्तरांनी त्यांना नात्यातलीच नावं दिली. नाकाडी ती आत्याबाई, घड्यांची ती मोठी मावशी, वटारणारी ती चुलतसासू. एक तर अशी होती, की खोदणाऱ्याने राणी कधी पाहिलीच नसावी. त्याने राजाचाच चेहरा खोदला, वर अंबाडा चढवला आणि हात झटकून मोकळा झाला. मास्तर तिला वहिनी म्हणायचे. मास्तरीणबाई तिला भाऊजी म्हणायच्या.

“साऱ्या जगातल्या बायकांची नाकं मोजून झाली,” त्या क्लासमधल्या मुलींना म्हणायच्या, “घरातल्या बाईला नाक आहे की नाही ते विचारा, सांगता येणार नाही.”

गावात नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. रविवारी सकाळी ते मास्तरीणबाईंच्याच शिवणखोलीत जमायचं. एका बाजूला मशीनवर झाकणं घातलेली, दुसऱ्या बाजूला कपडे बसवून बघायचे बिनमुंडक्याचे बायकी पुतळे, आणि मधे ही पिकली पानं टेबलावर भिंगं ठेवून बसलेली. नाण्यांवर नुसती मुंडकी आणि भिंतीशी नुसती धडं. देवाने ठरवलं असतं तर दोन्हींची गाठ घालून दिली असती. पण या मंडळींना बघता कुणालाच त्याची घाई नव्हती.

मंडळाची एक रीत होती. कुणी नवं नाणं आणलं, की ते मखमल लावलेल्या झाकणात ठेवून सगळ्यांसमोरून फिरायचं. झाकण फिरत असताना तोंड उघडायचं नाही. फेरी पुरी झाली की त्या प्रकारच्या नाण्यांचा जो जाणकार असेल त्याने आधी बोलायचं, आणि तो बोलला की बाकीच्यांनी माना डोलवायच्या. जाणकाराने नाणं खोटं ठरवलं तर ते एका पत्र्याच्या डब्यात जायचं, म्हणजे पुढे कुणी फसायला नको. डबा जाणकाराकडे राहायचा. बायकांच्या मुखवट्यांचे, म्हणजे नाण्यांवरच्या चेहऱ्यांचे, जाणकार अर्थातच मास्तर. दुसरं कुणी त्या वाटेला गेलंच नव्हतं.

या मंडळात मास्तरांना सर्वात जास्त तिटकारा होता तो सिरपचा. सिरप म्हणजे औषधदुकानदार. खोकल्याच्या औषधासारखा गोड, दाट आणि हळूहळू बोलणारा, म्हणून हे नाव. त्याला नाण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. जे चपटं आणि गोल दिसेल ते तो घ्यायचा. वर त्याचा एक पोरकट नाद होता. गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी नाण्यावर दाबायची, खोडरबराने हलकेच घासायची, म्हणजे पन्नीवर नाण्याचा हुबेहूब ठसा उठतो. हे ठसे तो दुकानातल्या काउंटरच्या काचेखाली लावून ठेवायचा. गोळ्या घ्यायला आलेली माणसं सुट्टे मिळेपर्यंत ते बघत बसायची.

“बाळा, चॉकलेटच्या कागदाचेही कर हो,” मास्तर सगळ्यांसमोर म्हणायचे. सिरप हसायचा आणि पुढच्या रविवारी मास्तरांच्या गुडघ्यासाठी मलम घेऊन यायचा. असल्या माणसाचा राग तरी कसा करायचा, म्हणून मास्तर नुसता तिरस्कार करायचे.

आणि एके दिवशी मास्तरांना ती सापडली. भंगारातल्या नाण्यांच्या एका गोणपाटात, कुण्या बुडालेल्या राज्याचं चांदीचं नाणं. झिजलेलं, कडेची अक्षरं पुसलेली, पण चेहरा शाबूत. डोक्याला फीत, मागे तिची गाठ, मानेवर रुळणारे केस, आणि हनुवटी अशी करारी की आत्याबाईंनीही पदर सावरावा. त्या राज्याच्या नाण्यांवर राणीचा मुखवटा कुणी कधी पाहिला नव्हता. मास्तरांनी तिथेच खिशातलं भिंग काढलं. भिंगातून बघताना जबड्याच्या खाली काही बारीक खरबरीत ठिपके दिसले. पण हनुवटीवरचे ठिपके म्हणजे काय, हे मास्तरांना कुणी शिकवायचं होतं? ते घालवण्यात हयात गेली होती. आधी हाताने घालवायचे, आता नुसत्या नजरेने गेले.

रविवारी झाकण फिरलं. मास्तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, ही इतिहासाला माहीत नसलेली राणी आहे. सगळ्यांच्या माना डोलल्या. बिनमुंडक्या पुतळ्यांचीच काय ती डोलली नाही.

या राणीला मात्र त्यांनी नात्यातलं नाव दिलं नाही. तिला राणीसाहेबच म्हणायचे. तिला घेऊन ते गावच्या संग्रहालयात गेले. तिथल्या अधिकारी बाई तरुण होत्या, आणि त्यांनी मास्तरांना बसायला खुर्ची दिली, इथूनच मास्तर हवेत गेले. बाईंनी नाणं पुष्कळ वेळ पाहिलं. म्हणाल्या, शक्य आहे. पण एकाच नाण्यावरून बोलणं धोक्याचं, झिजेने चेहरा बदलतो. असंच दुसरं मिळालं तर मात्र प्रश्नच नाही. मोठ्या दालनात काचेच्या पेटीत ठेवू, आणि खाली शोध लावणाऱ्याचं नाव लिहू.

“पूर्ण नाव?” मास्तरांनी विचारलं.

“वडिलांच्या नावासकट,” बाई हसत म्हणाल्या.

झालं. त्या दिवसापासून मास्तरांना अन्न गोड लागेना. चेहऱ्याखाली आपलं नाव! जे मेहुण्याच्या पाटीने दिलं नाही ते काचेच्या पेटीत मिळणार, आणि मधे आडवं आलंय फक्त एक नाणं. सगळे भंगारवाले धुंडाळले, जुन्या चांदीचे दुकानदार कावून दुकानातून उठून जायला लागले. मास्तरीणबाई म्हणाल्या, एवढी शोधाशोध माझ्या बापाने जावयासाठी केली असती तर आज मी सुखी असते.

आणि मग एका रविवारी सिरपने खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक नाणं काढलं आणि नेहमीसारखं गोड हसून म्हणाला, मास्तर, हे काय आहे बघा बरं, मला काही कळत नाही. नाणं झाकणात बसून फेरीला निघालं.

फिरत फिरत ते मास्तरांच्या समोर आलं. तेच राज्य, तीच फीत, तीच गाठ, तेच मानेवर रुळणारे केस. फक्त हे नाणं कमी झिजलेलं होतं, कडेला कुणीतरी चावा घेतल्यासारखी एक खाच होती, आणि राणीसाहेबांना दाढी होती. आखूड, कुरळी, कोरून कोरून खोदलेली, चांगली नांदत्या राजाची दाढी. मग आपल्याकडचे ते खरबरीत ठिपके काय होते, हे मास्तरांना एका क्षणात कळलं. त्यांच्या राणीसाहेब म्हणजे हाच बाप्या. शेकडो वर्षं लोकांच्या अंगठ्यांनी घासून घासून त्याची दाढी केली होती एवढंच.

झाकण फिरून परत आलं. सगळे मास्तरांकडे बघायला लागले. इथे एक वाक्य खरं बोलला असता तर माणूस वाचला असता. मंडळ दोन दिवस हसलं असतं, तिसऱ्या दिवशी विसरलं असतं. पण सिरपच्या नाण्यासमोर आपण चुकलो म्हणायचं? चॉकलेटच्या कागदासमोर? मास्तरांनी झाकण पुढे सरकवलं.

“खोटं आहे,” ते म्हणाले. “साच्यात ओतलेलं. आणि ओतणाराही अडाणी.”

माना डोलल्या. सिरपचा चेहरा पडला, पण त्याने रीतीप्रमाणे नाणं मुकाट डब्यात टाकलं आणि मास्तरांच्या गुडघ्याची चौकशी करून घरी गेला.

नाणं डब्यात पडून राहिलं असतं तरी निभावलं असतं. पण डबा मास्तरांकडे, आणि मास्तरांच्या डोक्यात बाईंचं वाक्य. असंच दुसरं मिळालं तर प्रश्नच नाही. असंच म्हणजे कसं? दाढी नसलेलं. आता या दोन नाण्यांत फरक तो केवढा? ओठांपासून हनुवटीपर्यंतचा. आणि या जगात कुणाच्या हनुवटीवरून नको ते घालवायचं असेल तर त्यासाठी आपल्यासारखा हात दुसरा कुणाचा?

दुपारी मास्तरीणबाईंचा क्लास भरला, मशीनचा खडखडाट सुरू झाला, तेव्हा मास्तर घरातल्या मागच्या अंधाऱ्या खोलीत शिरले. स्टुडिओतून घरी आणलेलं जुनं पातं काढलं, टोक दगडावर लावलं, डोळ्याला भिंग बसवलं आणि राजाच्या दाढीला बसले. अशी दाढी कुठल्या न्हाव्यानेही केली नसेल. एकेक कुरळा केस खरवडत, कापसाने पुसत, फुंकर मारत, कल्ल्यापासून खाली, मग ओठाखालची खळी. मधेच दार ढकलून मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या. नवरा भिंगात डोकं घालून काहीतरी खरवडतोय हे त्यांनी दारातूनच पाहिलं.

“आता कुणाची लव काढताय?” त्यांनी विचारलं.

“तुला नाही कळायचं,” मास्तर म्हणाले.

“नशीब माझं,” असं म्हणून कप ठेवून त्या गेल्या. चहा गार झाला, दाढी झाली.

एकच अडचण राहिली. जुनी चांदी काळवंडलेली असते आणि खरवडलेली जागा लखलखते. राजा असा दिसायला लागला की आत्ताच दाढी करून तोंडाला तुरटी फिरवून खुर्चीतून उठला आहे. मास्तरांनी फोटोचे पांढरे ठिपके झाकायची काळी शाई काढली आणि दोन केसांच्या ब्रशने गालाला सावली दिली. लांब धरून पाहिलं. बाई दिसत होती. बरी दिसत होती. मास्तर स्वतःवर एवढे खूश झाले, की पात्याचं टोक अंगठ्यात घुसलं होतं हे त्यांना घरातल्यांनी सांगितल्यावर कळलं.

दुसऱ्याच दिवशी ते संग्रहालयात हजर. बाईंना सांगितलं, गावाबाहेरच्या भंगारवाल्याकडे मिळालं, तो भंगारवाला आता गाव सोडून गेला. बाईंनी दोन्ही नाणी शेजारीशेजारी ठेवून पाहिली आणि ठेवून जा म्हणाल्या. मास्तर घरी आले ते पेटीखालच्या अक्षरांचा आकार केवढा असावा याचा विचार करत. सून घरी यायची असल्यासारखा त्यांनी नवा सदरा शिवायला टाकला, तोही बायकोकडेच.

आता संग्रहालयातल्या बाईंचं डोकं दुखायला लागलं. मास्तरांच्या नाण्याने दुखलं की सर्दीने, देव जाणे. पण गोळी आणायला त्या सिरपच्या दुकानात गेल्या. गल्ल्यात सुट्टे नव्हते, सिरप शेजारच्या दुकानात आणायला गेला. बाई काउंटरवर ओणवून काचेखालचे चंदेरी ठसे बघत उभ्या राहिल्या. आणि तिथे, खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीशेजारी, पन्नीवर उठलेला एक राजा होता. फीत, गाठ, रुळणारे केस, कडेला चावा घेतल्यासारखी खाच, आणि भरघोस दाढी.

बाईंनी सिरप आणि मास्तर, दोघांनाही बोलावलं. मास्तर नवा सदरा घालून गेले. टेबलावर नाणं होतं आणि त्याच्या शेजारी पन्नी. खाच खाचेला जुळत होती. बाई बोलल्या त्या शांतपणे, आवाज न चढवता.

“मास्तर, याची दाढी कुठे गेली?”

मास्तरांनी नाण्याकडे पाहिलं, पन्नीकडे पाहिलं. सिरपकडे पाहिलं नाही. शेवटी सिरपच त्याच्या दाट आवाजात म्हणाला, “मास्तरांचाच हात आहे बाई. बघा ना, किती स्वच्छ काढली आहे.”

हे त्याने भोळेपणाने म्हटलं की मुरलेल्या कावेबाजपणाने, यावर गावात आजही दोन पक्ष आहेत. त्यानंतर तो जे बोलला त्यावरही आहेत. बाईंनी विचारलं, तुमच्या नाण्याची वाट लागली, तुम्हाला काय हवं? सिरप म्हणाला, मला काही नको, नाणं संग्रहालयालाच ठेवा. फक्त एक करा. मास्तरांना पेटीखाली नाव हवं होतं, तेवढं त्यांना मिळू द्या. त्यांनी मेहनत केली आहे.

बाई हो म्हणाल्या. मास्तरांना विचारलं तेव्हा त्यांनी नुसती मान डोलवली. मंडळात दुसऱ्यांच्या माना डोलवून घेणाऱ्या माणसाला एवढंच सुचलं.

आज संग्रहालयात मोठ्या दालनात नाही, जिन्याखालच्या खोलीत एक पेटी आहे. तिच्यावर लिहिलंय, ‘नाण्यांशी झालेली छेडछाड’. त्यात नाण्यांना भोकं पाडणारे, कडा कातरणारे, सोन्याचा मुलामा देणारे अशा सगळ्या महाभागांचं काम मांडलेलं आहे. बाकी सगळे अज्ञात. फक्त एका नाण्याशेजारी पन्नी, आणि खाली ठळक अक्षरांत: राजाची दाढी खरवडून राणी केलेले नाणे. खरवडणाऱ्याचं नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

मास्तरीणबाई पेटी बघायला गेल्या तेव्हा क्लासमधल्या मुलींनाही घेऊन गेल्या. पाटी दोनदा वाचली. म्हणाल्या, जन्मभर बायका बायका केल्या आणि शेवटी पदरात पडला तो बाप्या. घरी येऊन त्यांनी कपाटामागचा लग्नाचा फोटो काढला, पेन घेतलं, गालावर होता तिथे तीळ काढला आणि फोटो शिवणखोलीत लावला, मास्तर बसतात त्या खुर्चीच्या बरोबर समोर.

मास्तर चार रविवार मंडळात फिरकले नाहीत. पण संग्रहालयात मात्र ते रोज जातात, जिन्याखाली पेटीशेजारी उभे राहतात, आणि कुणी पाहायला आलं, की खाकरून सांगतात, दिवा चुकीच्या बाजूला लावला आहे. उजेड डावीकडून हवा, म्हणजे हनुवटीचं काम नीट दिसतं. समोरचा माणूस नाणं सोडून त्यांच्याकडे बघायला लागला, की ते बोटाने पाटीवरचं नाव दाखवतात.